टेंबलाईची समजूत

माणसाने स्वतःची काळजी घ्यावी, असे सगळेच सांगतात. ती कशी घ्यावी, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या डॉक्टरांनीही सांगितले नाही. रक्त तपासून झाले, छातीचा आलेख काढून झाला. सगळे कागद एकावर एक रचून ते म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. फक्त आता जरा स्वतःकडे लक्ष द्या." मी मान डोलावली, पैसे दिले आणि घरी येऊन नेहमीप्रमाणे कणीक मळायला घेतली.

सासूबाई चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. रात्रीपुरती मदतीला एक बाई होती. बाकी सगळे मी केले. यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही. घरोघरी कोणीतरी हे करतच असते. गेल्या माघात त्या गेल्या. तेराव्याला पंगत उठल्यावर मोठ्या दिरांनी चार शब्द बोलून सर्वांचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले, नागपूरहून वेळात वेळ काढून आलेल्या भाच्याचे मानले, गुरुजींचे मानले, स्वयंपाकाचे कंत्राट घेणाऱ्याचेही मानले. माझे नाव आले नाही. विसरले असतील. घरच्या माणसाचे कोणी आभार मानते का, असेही त्यांच्या मनात आले असेल. मी हसतमुखाने पानाचे तबक फिरवले. परंतु त्या रात्रीपासून माझी झोप उडाली ती उडालीच. पहाटे तीनला डोळे उघडायचे, सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली असे वाटायचे, आणि मी उठून बसायची. मग लक्षात यायचे की आता वळवायला कोणी नाही.

कोणाला काय सांगणार? "माझे आभार मानले नाहीत म्हणून मला झोप येत नाही," हे वाक्य अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे त्यातली लाज कळते.

अशा वेळी कोल्हापूरच्या मावशीचा फोन आला. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठेत एकटी राहते. ती म्हणाली, "नवरात्रात ये. चार दिवस ये. येताना काही आणू नकोस आणि आल्यावर काही करू नकोस." ह्यांनी तिकीट काढून दिले, आणि तिसऱ्या माळेच्या आदल्या रात्री मी कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढले.

मिरज मागे पडले की दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागतात आणि हवाच बदलल्यासारखी होते. रिक्षावाल्याने पत्ता विचारण्याआधी "जेवण झालं न्हवं?" असे विचारले. सकाळचे साडेसात वाजले होते. पण कोल्हापुरात हा प्रश्न वेळेवर अवलंबून नसतो. दारात मावशी उभीच होती. "मी चहा टाकतो, तू पाय धू," ती म्हणाली. पुण्यामुंबईच्या माणसाला पहिल्यांदा हे ऐकून चमकायला होते. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लहानपणी मला त्याचे हसू यायचे. या खेपेला वाटले, काय ऐसपैस बोलणे आहे हे! एवढेसे क्रियापद, पण ते बोलणारी बाई अंग चोरून बसलेली वाटत नाही.

पहिला दिवस मला अगदी जड गेला. भांडी घासायला उठले की मावशी हात धरून बसवायची. संध्याकाळी तिने मला गंगावेशीत नेले. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळलेले कोमट दूध तसेच पेल्यात देतो. पैलवानांच्या गावची ही जुनी रीत. माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पेला संपवत होते. इतक्या निश्चिंत मनाने मी शेवटचे काही कधी प्याले होते, ते मला आठवेना.

रात्री मात्र तीनला डोळे उघडले. मावशीलाही जाग आली. तिने दिवा लावला नाही, विचारपूसही केली नाही. म्हणाली, "श्रावण नाही, रविवारही नाही. पण ऐक," आणि तिने आदित्यराणूबाईची कहाणी सुरू केली.

आपण सगळ्यांनी ती लहानपणी ऐकलेली आहे. गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली. एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप भेटायला जातो आणि म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. राणी म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. प्रधानाची बायको ऐकते. पुढे राणीला दारिद्र्य येते, बहिणीला भरभराट. कालांतराने राणीला सारे उमगते, तिचे दिवस पालटतात, राजा तिला परत न्यायला येतो. वाटेत मुक्कामामुक्कामाला ती कहाणी सांगायला उपाशी माणूस शोधते. एका मुक्कामी मोळीविक्या भेटतो, एका मुक्कामी मळा वाळून गेलेला माळी. पुढे भेटते ती तिन्ही मुले गमावलेली म्हातारी, आणि शेवटी ज्याला हातपायच नाहीत असा एक जीव. प्रत्येकजण कहाणी ऐकतो आणि प्रत्येकाचे गेलेले परत येते.

लहानपणी मला या कहाणीत मोळीचे सोने होते तेवढेच आवडायचे. त्या रात्री दोन गोष्टी नव्याने ऐकू आल्या. एक म्हणजे राणीचा अपराध. तिने पाप केले नव्हते, कोणाला छळले नव्हते. नवऱ्याच्या कामाची घाई होती म्हणून तिला गोष्ट ऐकायला वेळ नव्हता, इतकेच. आणि दुसरी गोष्ट अशी की, पुढे तिने ज्यांना कहाणी सांगितली त्यांतला एकही सुखी नव्हता. कहाणी ऐकण्यासाठी माणूस उपाशी असावा लागतो, ही अट मला तोवर केवळ व्रताची वाटत होती. म्हातारीची मुले परत आली की नाही, हे पूर्ण ऐकण्याआधीच मला झोप लागली. जाग आली तेव्हा साडेसहा वाजले होते.

याला आता शास्त्रीय नावही आहे. १९१६ साली 'अटलांटिक मंथली' या अमेरिकन मासिकात सॅम्युएल क्रॉदर्स या धर्मोपदेशकाने एक गमतीदार लेख लिहिला. त्यात बॅगस्टर नावाचा त्याचा मित्र चर्चच्या एका खोलीत दवाखाना थाटतो आणि रोग्यांना औषधाऐवजी पुस्तके लिहून देतो. या उपचाराला त्याने 'बिब्लिओथेरपी' असे नाव दिले. लेख थट्टेचा होता, पण शब्द टिकला, आणि पुढे रुग्णालयांतून व ग्रंथालयांतून तो गंभीरपणे वापरला जाऊ लागला. मावशीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं, नाहीतर तिनं आधीच लिहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने मला गाव दाखवले. म्हणजे तिचे गाव, गोष्टींचे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. कोल्हापूर म्हटले की आपल्याला चपला, कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण या गावाने गोष्टी सांगण्याचा उद्योगही तितक्याच ताकदीने केला. बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. 'प्रभात' कंपनी १९२९ साली निघाली ती इथेच, आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपटही इथलाच. मग ती पुण्याला गेली.

केशवराव भोसले नाट्यगृहाकडे मावशी मला घेऊन गेली, पण तिथे फार वेळ थांबली नाही. शाहू महाराजांनी बांधलेले हे नाट्यगृह १९१५ साली उभे राहिले, तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती होती. "त्या रात्री मी इथं आलो होतो," मावशी म्हणाली. "सगळा गाव लोटला होता. माणसं रडत होती. घर जळाल्यासारखी." तिने पुढे काही सांगितले नाही. लग्नाआधी ती आणि काका पहिल्यांदा एकत्र नाटकाला कुठे गेले होते, हे मला ठाऊक होते.

दुपारी शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय पाहिले. खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. 'ययाति' १९५९ सालची. मराठीतले पहिले ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते १९७४ सालचे. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तरी मजकूर सांगून ते लिहीतच राहिले. तिथे उभी असताना माझ्या मनातली एक जुनी भीती वर आली. स्वतःकडे लक्ष द्यायचे, म्हणजे ययाति व्हायचे का? आपले सुख संपू नये म्हणून मुलाचे तारुण्य मागून घेणारा राजा आपल्या पिढीने दहावी-अकरावीच्या वयात वाचला. स्वतःसाठी काही मागणे म्हणजे त्याच वाटेने जाणे, असा काहीसा धाक तेव्हापासून मनात बसला असावा.

मावशीला बोलून दाखवले. ती बाकावर बसली, चष्मा पुसला. "ययातीनं दुसऱ्याचं घेतलं," ती म्हणाली. "तू स्वतःची झोप मागतेस. ती कोणाची आहे?"

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. पाणी शांत होते, पलीकडे शालिनी पॅलेस दिसत होता, काठावर भेळवाल्यांच्या गाड्यांपाशी गर्दी होती. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात पोराटोरांना माहीत असते. हा दगडी नंदी रोज गव्हाच्या दाण्याइतका पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याइतका मागे येतो. ज्या दिवशी तो मुक्कामाला पोचेल त्या दिवशी जगबुडी होणार. मी मावशीला म्हटले, "मग वर्षाकाठी सरकतो तरी किती?" ती म्हणाली, "कोण मोजतो? पण सरकतो." आदल्या रात्री मी साडेतीन तास जास्त झोपले होते. गव्हाभर पुढे. आज रात्री कदाचित तांदळाभर मागे. हा हिशेब मला डॉक्टरांच्या कागदांपेक्षा पटला.

आणि मग ललितापंचमी आली. या दिवशी अंबाबाईची पालखी देवळातून निघते आणि गावाच्या पूर्वेला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की गावातल्या बायका ते कळशांतून आणून तिच्या पायऱ्यांवर वाहतात, तीच ही देवी. आम्ही उन्हे चढायच्या आत टेकडी गाठली. वाऱ्याला धूळ होती, नारळाचा आणि गुलालाचा वास होता, बापांच्या खांद्यांवर पोरे बसली होती. सावली पाहून मावशीने सतरंजी टाकली आणि पालखीची वाट बघता बघता गोष्ट सांगितली. मला ती अर्धीमुर्धी माहीत होती. संपूर्ण कधी ऐकली नव्हती.

कोल्हासुराला अंबाबाईने मारले. मरताना त्याने मागणे मागितले की गावाला माझे नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळ्याचा बळी दे. ते देवीने मान्य केले. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष सूड घ्यायला आला. त्याच्या हाती एक योगदंड होता. त्या दंडाच्या जोरावर त्याने अंबाबाईसकट सगळ्या देवांची शेळ्यामेंढ्या करून टाकली. त्र्यंबोली तेवढी त्यातून सुटली होती. तिने युक्तीने तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारले आणि सगळ्यांना पुन्हा देवपण दिले. मग करवीरात विजयाचा मोठा सोहळा झाला. सगळे देव आले, मानपान झाले, वाद्ये वाजली. आणि त्र्यंबोलीला बोलवायचे राहून गेले.

"राहून गेलं?" मी म्हटले.

"राहून गेलं," मावशी म्हणाली. "मुद्दाम नाही. घरचीच ना ती! गडबडीत राहिलं."

माझ्या घशाशी काहीतरी आले. मावशी माझ्याकडे पाहत नव्हती. ती चढणीच्या रस्त्याकडे पाहत होती.

त्र्यंबोली रुसली. भांडली नाही, शाप दिला नाही. गावाबाहेर या टेकडीवर आली आणि करवीराकडे पाठ करून बसली. अंबाबाईच्या लक्षात आले तेव्हा तिने परत येण्याचा निरोप पाठवला नाही. ती स्वतः सगळा लवाजमा घेऊन टेकडी चढून आली. तिने समजूत काढली, आणि कोहळ्याचा मान त्र्यंबोलीसमोर देण्याचे ठरले. तेव्हापासून दरवर्षी ती येते.

"मग त्र्यंबोली परत गेली का खाली?"

"नाही. ती इथंच आहे. म्हणून तर दरवर्षी यावं लागतं."

पालखी आली तेव्हा गर्दीचा एकच लोंढा उसळला. छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी होती, मानकरी होते. मुंडावळ्या बांधलेल्या लहानशा कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला गेला, आणि त्याचा एक तुकडा मिळावा म्हणून माणसे एकमेकांच्या अंगावर कोसळली. एका तरुण पोराने धडपडत दोन तुकडे मिळवले आणि त्यातला एक न विचारताच मावशीच्या हातावर ठेवला. "घ्या आज्जी."

मी पदराने डोळे पुसत उभी होते. धूळ होतीच, कोणाला काही कळले नाही. इतके महिने मला जे वाक्य उच्चारायची लाज वाटत होती, ते इथे एक अख्खे शहर वर्षानुवर्षे वाजतगाजत उच्चारत होते. जिने सगळे निस्तरले तिला बोलवायचे राहून गेले, तिला वाईट वाटले, आणि वाईट वाटणे रास्त होते. देवीलासुद्धा वाटले. मला कोणी उपदेश केला नव्हता की माझी बाजू घेऊन कोणाशी भांडलेही नव्हते. गोष्टीत माझे नावही नव्हते. त्यामुळेच बहुधा ती मला निमूटपणे ऐकता आली.

पण टेकडी उतरताना एक गोष्ट मनात टोचू लागली. सोहळ्याच्या गडबडीत बोलवायचे राहून जाते. ते काय फक्त दिरांकडूनच राहिले होते? सासूबाईंच्या उशाशी चौदा महिने रात्री जागणारी ती बाई. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला तीच असायची. मी पहाटे तीनला एकदा हात लावायला उठायची. 'बाकी सगळे मी केले' असे मी सगळ्यांना सांगत होते, या लेखाच्या आरंभी तुम्हालाही तेच सांगितले. सासूबाई गेल्या त्या सकाळी मी तिचा महिन्याचा हिशेब केला, वर पाचशे रुपये दिले आणि निरोप दिला. तेराव्याला तिला बोलावणे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही.

परत आल्यावर ह्यांना मी ते लाजिरवाणे वाक्य एकदाचे सांगून टाकले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी तिथंच होतो. माझ्याही लक्षात आलं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चहा केला. साखर दुप्पट पडली होती. मी तो सगळा प्याले. मोठ्या दिरांना अजून काही बोललेली नाही. दिवाळीला येतील तेव्हा कदाचित बोलेन, कदाचित नाही. झोप अजून गहू-तांदळाच्या मापाने चालली आहे.

त्यानंतरच्या रविवारी मावशीने बांधून दिलेली कोहळ्याची फोड आणि एक साडी घेऊन मी त्या बाईंचे घर शोधत गेले. अंबरनाथच्या पलीकडे, दोन खोल्यांचे घर. मला दारात पाहून त्या घाबरल्याच. वाटले असेल, काही हरवले म्हणून विचारायला आले. मी आत बसले आणि जे तेराव्याला बोलायला हवे होते ते बोलले. त्यांनी कोहळ्याची फोड देवापुढे ठेवली. म्हणाल्या, "वैनी, तुम्ही झोपायला गेलात का आजी मला म्हणायच्या, तुझ्या गावाकडचं काहीतरी सांग. मी काय सांगणार? आमच्या विहिरीची गोष्ट सांगायची. रोज तीच. त्या म्हणायच्या, परत सांग."

चौदा महिने मी शेजारच्या खोलीत होते आणि मला हे ठाऊक नव्हते. सासूबाईंना औषधे वेळेवर मिळत होती, जेवण मऊ मिळत होते, अंथरूण कोरडे मिळत होते. गोष्ट मात्र मला सुचली नव्हती.

त्यांनी चहाचे आधण ठेवले. स्वयंपाकघरातून मला हाक आली, "वैनी, घाई नाही ना?"

"नाही," मी म्हटले. "कोणती विहीर? मलाही सांगा."